दारूविषयीचे मन मोजताना

वजन काट्यावर कळते, ताप तापमापकावर कळतो, तांदूळ पायलीने मोजून घेता येतात. पण माणसाच्या मनात एखाद्या गोष्टीविषयी काय आहे, हे कशाने मोजावयाचे? मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असताना हा प्रश्न मला थट्टेचा वाटे. तृतीय वर्षाला आल्यावर प्रात्यक्षिकाच्या निमित्ताने तो माझ्याच गळ्यात पडला. प्रत्येक जोडीने एकेक विषय निवडून त्याविषयीची विद्यार्थ्यांची अभिवृत्ती मोजणारी छोटीशी श्रेणी तयार करावी, असे सरांनी सांगितले आणि माझ्या जोडीदाराने क्षणाचाही विचार न करता विषय सुचविला : दारू.

माझा जोडीदार शहापूर तालुक्यातला, किन्हवलीकडचा. घर माळकरी. मी मुरबाड तालुक्यातला, टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या अंगाला आमचा पाडा आहे. त्याला हा विषय सोपा वाटला, मला तो अवघड वाटला. कारण आमच्या घरी या विषयावर कोणी उघड बोलत नाही. माझे धाकटे चुलते दारूने गेले. मी तेव्हा दहावीत होतो. पोटात पाणी झालेले, हातपाय काटकुळे झालेले, असे त्यांचे शेवटचे दिवस मी पाहिले आहेत. आणि त्याच घरात माझी आजी चैत्रात पहाटे उठून मोहाची फुले वेचायला जाते, देवाचे काही असले की मोहाचे दोन थेंब भुईवर सोडते आणि मगच पुढच्या कार्याला हात लावते. अशा घरातल्या मुलाने दारूविषयीचे मन मोजायला निघावे, हे मला त्या वेळी जरा विचित्रच वाटले होते. पण नाही म्हणायला कारण सुचेना.

प्रथम 'अभिवृत्ती' या शब्दाचा अर्थ पाहू. एखाद्या वस्तूकडे, व्यक्तीकडे किंवा प्रथेकडे अनुकूल अथवा प्रतिकूल दृष्टीने पाहण्याचा मनाचा जो बऱ्यापैकी स्थिर कल, ती अभिवृत्ती. ज्ञान वेगळे आणि वर्तनही वेगळे. दारूने यकृत बिघडते हे ज्ञान झाले. ते पिणाऱ्यालाही असते, कित्येकदा न पिणाऱ्यापेक्षा अधिक असते. कोण किती पितो हे वर्तन झाले. ते मोजण्याची साधने निराळी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये 'ऑडिट' या नावाची दहा प्रश्नांची चाचणी पुढे आणली. तीत किती वेळा पिता, एका बैठकीत किती पिता, प्यायल्यानंतर काय घडले, असे प्रश्न असतात. गुण ० ते ४० पर्यंत मिळतात आणि आठ किंवा अधिक गुण म्हणजे धोक्याची सूचना समजली जाते. आम्हांला मात्र हे मोजावयाचे नव्हते. दारू पिणे या गोष्टीकडे आमच्या बरोबरीची मुले-मुली कोणत्या नजरेने पाहतात, एवढेच आम्हांला पाहावयाचे होते. वर्गातील काही मुली आम्हांला म्हणाल्या, "आम्ही तर पीतच नाही. मग आमचे मत कशाला?" त्यांना हाच फरक समजावून सांगावा लागला. जिच्या बापाने किंवा भावाने घर पणाला लावले आहे, तिने थेंबालाही स्पर्श केलेला नसतो. पण दारूविषयीची तिची अभिवृत्ती पिणाऱ्यापेक्षा तीव्र असू शकते.

अभिवृत्ती मोजता येते, असे ठामपणे सांगणारा पहिला मोठा मानसशास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेतील लुई थर्स्टन. १९२८ मध्ये त्याने या विषयावर प्रसिद्ध निबंध लिहिला आणि पुढच्याच वर्षी चेव्ह या सहकाऱ्याबरोबर चर्चविषयीची अभिवृत्ती मोजणारी श्रेणी प्रसिद्ध केली. त्यांनी १३० विधाने जमविली. ती ३०० माणसांपुढे ठेवून अत्यंत अनुकूल ते अत्यंत प्रतिकूल अशा ११ ढिगांत वाटून घेतली आणि ज्या विधानांच्या स्थानाविषयी लोकांचे फारसे दुमत नव्हते अशी ४५ विधाने निवडली. काम चोख, पण अतिशय कष्टाचे. १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट याने सोपा मार्ग दाखविला. विधानापुढे 'पूर्ण सहमत, सहमत, अनिश्चित, असहमत, पूर्ण असहमत' अशी पाच घरे ठेवायची, प्रत्येक घराला ५ ते १ गुण द्यायचे आणि सर्व विधानांची बेरीज करायची. प्रतिकूल विधानांचे गुण अर्थातच उलटे. वीस विधाने असली तर कमीत कमी २० व जास्तीत जास्त १०० गुण होतात आणि ६० हा मध्य ठरतो. अधिक गुण म्हणजे दारूकडे अधिक अनुकूल दृष्टी. आम्ही हाच मार्ग धरला.

विधाने लिहिणे हे काम वाटते तितके सोपे नाही. आमची पहिली यादी आम्ही एका संध्याकाळी शहापूर-किन्हवली-सरळगाव-मुरबाड अशा एस.टी.च्या प्रवासात केली आणि दुसऱ्या दिवशी सरांनी तिच्यातली निम्मी विधाने लाल पेन्सिलीने खोडली. "दारूमुळे आरोग्य बिघडते व संसार उद्ध्वस्त होतो" हे विधान खोडले, कारण त्यात दोन गोष्टी आहेत. एकीला हो व दुसरीला नाही म्हणणाऱ्याने खूण कुठे करावी? "दारू यकृताला अपायकारक आहे" हे खोडले, कारण ते मत नव्हे, वस्तुस्थिती आहे. "दारू कधीच न पिणे चांगले नाही असे नाही" हे तर आम्हांलाच दुसऱ्यांदा वाचल्यावर कळेना.

याहून मोठी अडचण शब्दांची होती. इंग्रजी पुस्तकातल्या श्रेणीतील विधानांचे भाषांतर करावे, असे आम्हांला प्रथम वाटले होते. पण त्यांत पार्टी होती, जेवणाबरोबरची वाइन होती. आमच्याकडे दारू येते ती हळदीच्या रात्री, गटारीला, जत्रेत, एकतीस डिसेंबरला आणि पावसाळ्यात माळशेजचे धबधबे पाहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांतून. शिवाय 'दारू' हा एक शब्द दिसतो, पण त्याच्या पोटात पुष्कळ वस्तू आहेत. देशी, इंग्लिश, गूळ-नवसागराची हातभट्टी, ताडी, बिअर आणि पहिल्या धारेची मोहाची. बिअरला दारू न मानणारी मुले आमच्या वर्गात होती, आणि मोहाच्या थेंबाला दारू म्हणताना माझीच जीभ अडखळत होती.

हे अडखळणे आजचे नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे व विकणे सरकारच्या मुठीत गेले आणि १८९२ मध्ये तर मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा खास ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी झाला. झाडाखाली पडलेले फूल वेचणे हा येथील माणसाचा नित्यक्रम. तो एका कायद्याने संशयास्पद झाला. एकाच वस्तूला देवाघरी मान आणि चावडीवर गुन्हा, अशी दोन तोंडे आपल्या भागात निदान सव्वाशे वर्षे आहेत. श्रेणी तयार करणाऱ्याला हा इतिहास विसरून चालत नाही.

शेवटी आम्ही विधाने आपल्या बोलण्यातून घेतली. नमुन्यादाखल काही देतो :

१. हळदीच्या रात्री पाहुण्यांना दारू दिली नाही तर कार्य अपुरे वाटते.
२. मित्रांनी आग्रह केल्यावर नको म्हणणे म्हणजे त्यांचा अपमान करणे होय.
३. देवकार्यात मोहाचे थेंब वाहण्यात काही गैर नाही.
४. पिणाऱ्या मुलाला कोणी आपली मुलगी देऊ नये.
५. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याने रात्री थोडी घेतली तर ते क्षम्य आहे.
६. गावात दारूचे दुकान असणे ही गावाला लाज आणणारी गोष्ट आहे.

आता पहिल्या प्रयोगाची फजिती सांगतो. आम्ही पत्रके वाटली, वर नाव व हजेरी क्रमांक लिहायला सांगितले आणि सर वर्गातच खुर्चीवर बसून होते. पत्रके गोळा करून पाहिली तर सगळा वर्ग जणू कीर्तनातून उठून आला होता! दारूच्या बाजूच्या प्रत्येक विधानापुढे 'पूर्ण असहमत'. गटारीच्या दुसऱ्या दिवशी ज्यांचे डोळे लाल असतात, त्यांचीही पत्रके अशीच शुभ्र. आम्ही खूश होऊन ती सरांकडे नेली. सर हसून म्हणाले, "तुम्ही दारूविषयीची वृत्ती मोजली नाहीत; माझ्याविषयीचा आदर मोजलात."

यात मुलांचा दोष नव्हता. १९१९ मध्ये गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले, तेव्हापासून दारूविषयी चारचौघांत काय बोलावे हे मराठी माणसाला पाठ आहे. मानसशास्त्रात याला सामाजिक इष्टतेचा प्रभाव म्हणतात. लोकांना जे बरे दिसेल ते उत्तर देण्याकडे माणसाचा ओढा असतो. आणि दारूच्या बाबतीत कायद्याचेही भय आहे. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाप्रमाणे महाराष्ट्रात दारू पिण्यास परवाना लागतो. वयाच्या पंचविसाव्या वर्षाआधी तो मिळत नाही. बिअर-वाइनसारख्या सौम्य मद्यासाठी ही मर्यादा एकवीस वर्षांची आहे. आमच्या वर्गात बहुतेक जण अठरा ते एकवीस वर्षांचे. त्यांना नावासकट प्रश्न विचारणे म्हणजे एक प्रकारे कबुलीजबाब मागणेच झाले.

यावर उपाय आहेत. त्यांतला एक फार गमतीचा आहे. स्टॅन्ली वॉर्नर याने १९६५ मध्ये त्याची मूळ कल्पना मांडली. तिचे सोपे रूप असे : प्रत्येकाने गुपचूप नाणे उडवायचे. छाप पडली तर काहीही असो, 'हो' लिहायचे. काटा पडला तर खरे उत्तर लिहायचे. समजा, शंभर विद्यार्थ्यांपैकी साठांनी 'हो' लिहिले. सुमारे पन्नास जणांनी ते केवळ नाण्यामुळे लिहिले असणार. उरलेल्या पन्नासांत खरे 'हो' दहा. म्हणजे वीस टक्के. वर्गाचा अंदाज मिळाला, आणि एकाही मुलाकडे बोट दाखविता येत नाही. मात्र संख्या थोडी असली तर या पद्धतीत चूक फार होते, म्हणून आम्ही साधी वाट धरली. नाव नाही, क्रमांक नाही, सर्वांना एकाच शाईची पेने, दाराजवळ झाकणाला फट पाडलेला खोका आणि सर वर्गाबाहेर.

गुप्ततेचे हे महत्त्व आपल्या राज्यातील बायकांनी आमच्याआधी ओळखले आहे. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात मतदान होते. २००८ पासून जे नियम आहेत, त्यांप्रमाणे पुरेशा महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : दुकान राहू द्यावे म्हणणारीने उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, बंद करावे म्हणणारीने आडव्या बाटलीवर. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होते. म्हणजे जी बाई मतदानाला येऊ शकली नाही, तिचे मत व्यवहारात उभ्या बाटलीकडेच धरले जाते! चारचौघांत नवऱ्यासमोर जे बोलता येत नाही ते पडद्याआड सांगता येते, एवढे मात्र खरे. पण हा निर्णय झाला, मापन नव्हे. ही पद्धत बाजू सांगते, तीव्रता सांगत नाही.

आमची दुसऱ्या वेळची पत्रके पहिल्यापेक्षा अगदी निराळी निघाली. खुणा पाचही घरांत पसरलेल्या होत्या. एकाने तर समासात लिहिले होते, "मोहाची धरायची का नाही ते सांगा." मग आम्ही विधानांची परीक्षा घेतली. सर्वांत जास्त गुणांचे पंचवीस टक्के आणि सर्वांत कमी गुणांचे पंचवीस टक्के असे दोन गट करून ज्या विधानावर दोन्ही गटांची उत्तरे सारखीच आली, ते विधान काढून टाकले. कारण जे विधान दोन टोकांच्या माणसांत फरक करीत नाही, ते काहीच मोजत नाही. तीच पत्रके तीन आठवड्यांनी पुन्हा भरून घेतली असती तर विश्वसनीयता कळली असती. पण नावच नसल्यामुळे कोणाचे कोणते हे कळेना. म्हणून आम्ही विधानांचे सम-विषम असे दोन भाग करून त्यांच्या गुणांचा मेळ पाहिला. एवढे झाल्यावर आमच्या हातात वीस विधानांची श्रेणी राहिली.

ती पुरी झाली त्या दिवशी आम्ही दोघांनीही एकेक पत्रक भरले. माझी बेरीज आली ६०. जोडीदाराची ६१. तो म्हणाला, "आपण दोघे सारखेच निघालो!" मी पत्रके शेजारी ठेवून पाहिली आणि गप्पच झालो. त्याने जवळजवळ सगळीकडे 'अनिश्चित' अशी खूण केली होती. मी कारण विचारले तर म्हणाला, "आमच्या घरात दारू कधी आलीच नाही. तिच्याविषयी मत करायची पाळीच आली नाही." माझ्या पत्रकात 'अनिश्चित' हे घर जवळजवळ रिकामे होते. अनुकूल विधानांनाही मी सहमत होतो आणि प्रतिकूल विधानांनाही. हिशेब सोपा आहे. दहा अनुकूल विधानांना 'सहमत' म्हटले की प्रत्येकी चार असे चाळीस गुण होतात, दहा प्रतिकूल विधानांना 'सहमत' म्हटले की उलट गुणांप्रमाणे प्रत्येकी दोन असे वीस, बेरीज साठ. आणि वीसही विधानांना 'अनिश्चित' म्हटले तरी वीस त्रिक साठच. एकाला काहीच वाटत नाही आणि दुसऱ्याला दोन्ही बाजूंनी फार वाटते. पट्टी मात्र दोघांना एकाच आकड्यावर उभे करते.

मी ग्रंथालयात शोध घेतला तेव्हा कळले, की ही अडचण मानसशास्त्राला ठाऊक आहे. कॅल्मन कॅप्लन याने १९७२ मध्ये उदासीनता आणि द्विधा मनःस्थिती यांतील भेद मोजण्याचा मार्ग सुचविला होता. एकच प्रश्न विचारण्याऐवजी दोन विचारायचे. या गोष्टीच्या फक्त चांगल्या बाजूचा विचार करा, ती किती चांगली वाटते? आता फक्त वाईट बाजूचा विचार करा, ती किती वाईट वाटते? ज्याचे दोन्ही आकडे लहान तो उदासीन. ज्याचे दोन्ही मोठे तो द्विधा. चांगल्या बाजूचा आकडा लिहिताना मला आजीचे देवघर आठवले आणि वाईट बाजूचा लिहिताना चुलत्यांची खाट. माझे दोन्ही आकडे मोठे आले.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. व्यसनमुक्तीच्या व्याख्यानांत आपण सर्वांना एकच औषध देतो : यकृताचे चित्र. माझ्या जोडीदारासारख्याला त्याचा काही उपयोग होईलही. पण माझ्यासारख्या मुलाने ते यकृत घरातच पाहिलेले असते. त्याला माहिती कमी नसते. आपल्या माणसांची रीत न मोडता आपले नको कसे म्हणावे, हे त्याला कळत नसते.

अभिवृत्ती कळली म्हणजे वर्तन कळले, असेही नाही. १९३४ मध्ये ला पिएर याने आपला अनुभव लिहिला आहे. एका चिनी जोडप्याबरोबर त्याने अमेरिकेत हिंडून अडीचशेहून अधिक हॉटेले व खानावळी पाहिल्या. नकार एकाच ठिकाणी मिळाला. नंतर पत्राने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी चिनी गिऱ्हाईक नको म्हणून कळविले. कागदावर एक, दारात उभ्या असलेल्या माणसासमोर दुसरे. आपल्याकडेही कागदावर 'पूर्ण असहमत' लिहिणारा मुलगा हळदीच्या मांडवात काय करील, ते तेथे शेजारी कोण बसले आहे यावर पुष्कळ अवलंबून असते.

या शेजाऱ्याविषयीचा एक शोध मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रिन्स्टन विद्यापीठातील प्रेंटिस व मिलर यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले, की दारूबद्दल विद्यार्थ्यांच्या मनात जो संकोच असतो तो इतरांच्या मनात नाही, असे प्रत्येक विद्यार्थी समजतो. म्हणजे बहुतेकांना आतून नको असते आणि प्रत्येकाला वाटते की नको असणारा मी एकटाच. मुलगे तर सहामाही सरता सरता आपले मत त्या काल्पनिक बहुमताकडे सरकवितात. आपल्या देशाची स्थितीही पाहा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी १४.६ टक्के दारू पिणारे होते. म्हणजे न पिणारे कितीतरी अधिक. पण 'आजकाल सगळेच घेतात' हे वाक्य आपण रोज ऐकतो. आमच्या निनावी पत्रकांतही 'आग्रहाला नको म्हणणे म्हणजे अपमान' या विधानाशी असहमत असणारी मुले मला वाटली होती त्याहून पुष्कळ अधिक निघाली. त्यांतल्या कित्येकांना मी आग्रह करताना पाहिले होते.

परवा वैशाखात माझ्या चुलतभावाची, म्हणजे त्याच गेलेल्या चुलत्यांच्या मुलाची हळद झाली. रात्री मांडवामागे पोरे जमली. ग्लास माझ्यापुढेही आला. "घे रं थोडी, भावाची हळद हाय," कोणीतरी म्हणाले. मला ती पत्रके आठवली. मी "नको" म्हटले आणि आता काहीतरी ऐकून घ्यावे लागणार म्हणून थांबलो. कोणी काही बोलले नाही. ग्लास पुढे गेला. थोड्या वेळाने शेजारचा मावसभाऊ, जो यंदाच अकरावीला गेला आहे, माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "दादा, नको म्हणलं तर चालतं का रं?"

"चालतं," मी म्हटले.

सकाळी आजीने देवापुढे मोहाचे थेंब सोडले, तेव्हा मी तिच्या हाताला हात लावून उभा होतो. आमच्या श्रेणीवर अजूनही माझी बेरीज साठच येईल. मात्र त्या साठात काय काय आहे हे आता मला ठाऊक आहे आणि दुसऱ्याच्या पत्रकावर मधल्या घरात खूण दिसली, तर त्याला काहीच वाटत नाही असे मी यापुढे समजणार नाही.